तान्ह्या बाळाचे पोट : साध्या तक्रारी आणि खरे धोके

घरात नवे बाळ आले की पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्या पोटाची चर्चा सर्वांच्या तोंडी होते. बाळाने दूध टाकले, बाळ तिन्हीसांजेपासून रडते आहे, चार दिवस शी झाली नाही, आज आठ वेळा झाली, पोट गच्च लागते, अशा तक्रारी बहुतेक घरांत ऐकू येतात. आजी एक उपाय सांगते, शेजारीण दुसरा सुचविते आणि तिसरा औषधाच्या दुकानातून आणला जातो. पहिलटकरीण माता या सल्ल्यांनी गोंधळून जाते आणि अखेरीस स्वतःच्या दुधाविषयीच साशंक होते.

बालरोगतज्ज्ञांचा अनुभव मात्र असा आहे की, पहिल्या सहा महिन्यांतील पोटाच्या बहुतेक तक्रारी हे आजार नसतात. अर्भकाची पचनसंस्था अजून पक्व व्हायची असते. तिच्या वाढीचे ते टप्पे असून कालांतराने आपोआप मागे पडतात. खरे नुकसान दोन प्रकारांनी होते. नसलेल्या आजारावर उपाय केले जातात हा पहिला प्रकार आणि असलेल्या आजाराची खूण वेळेवर ओळखली जात नाही हा दुसरा. म्हणूनच कोणती तक्रार साधी आणि कोणती गंभीर, हे मातेला व घरातील वडीलधाऱ्या मंडळींना ओळखता येणे अगत्याचे आहे.

पहिला चीक

जन्मतः बाळाचे जठर अगदी लहान असते. पहिल्या दिवशी एका वेळी एक-दोन लहान चमच्यांहून अधिक दूध त्याला लागत नाही. निसर्गाने या दिवसांसाठी योजलेला आहार म्हणजे चीक. तो दाट, पिवळसर आणि प्रमाणाने थोडा असतो. त्यामुळे ‘आईला अजून दूध आलेच नाही’ असा समज होतो आणि बाळाला मध, गुळाचे पाणी किंवा गाईचे दूध चाटविले जाते. काही घरांत तर चीक जड पडेल म्हणून तो पिळून टाकून देण्याची चाल होती. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात. शिवाय तो सौम्य सारक असल्याने गर्भावस्थेत आतड्यात साठलेला काळपट-हिरवा, चिकट मळ बाहेर पडण्यास त्याची मदत होते. हा पहिला मळ साधारणतः २४ तासांत बाहेर पडला पाहिजे. तसे न झाल्यास डॉक्टरांच्या कानावर घालावे. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत शीचा रंग पालटून पिवळा होतो. आतड्यातून दूध नीट पुढे जात असल्याची ती खूण होय.

मध चाटविण्याविषयी येथेच सांगितले पाहिजे. मधात क्वचित असणारे एका प्रकारचे जंतू अर्भकाच्या आतड्यात वाढून स्नायू लुळे पाडणारे विष तयार करू शकतात. मोठ्या माणसांच्या आतड्यात त्यांना वाव मिळत नाही, म्हणून आपल्याला मध बाधत नाही. बाळ एक वर्षाचे होईपर्यंत त्याला मध देऊ नये.

जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, ही शिफारस आता सर्वमान्य आहे. आचरणात मात्र ती अजून पुरती उतरलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्के होते. सहा महिन्यांखालील बालकांना निव्वळ स्तनपान देण्याचे प्रमाण मात्र २०१५-१६ मधील ५४.९ टक्क्यांवरून ६३.७ टक्क्यांवर गेले. ही वाढ आशादायक असली, तरी तिचा दुसरा अर्थ असा की, दर तीन तान्ह्या बालकांपैकी एकाच्या पोटात आईच्या दुधाव्यतिरिक्त काहीतरी जातेच आहे.

दूध पुरते की नाही?

‘माझे दूध बाळाला पुरत नाही’ ही मातांची सर्वांत मोठी चिंता असते आणि बहुतेक वेळा ती अनाठायी असते. बाळ रडले, वारंवार मागू लागले किंवा स्तन हलके वाटू लागले, म्हणजे दूध आटले असे नव्हे. दूध पुरते की नाही हे ठरविण्याच्या खात्रीच्या खुणा दोन आहेत. पहिल्या आठवड्यानंतर बाळाला दिवसरात्र मिळून सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी होत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे खुशाल समजावे.

वजनाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते. जन्मवजनाच्या एक-दशांशापर्यंतची ही घट भरून निघते आणि दोन आठवड्यांच्या आत बाळ पुन्हा मूळ वजनावर येते. त्यानंतर वजन सातत्याने वाढत राहून पाच-सहा महिन्यांत ते जन्मवजनाच्या दुप्पट होते. अंगणवाडीत दरमहा वजन करून माता व बाल संरक्षण कार्डावरील आलेखात त्याची नोंद करून घ्यावी. शेजारच्या गुटगुटीत बाळाशी तुलना करीत बसण्यापेक्षा आपल्या बाळाची रेषा चढती आहे ना, एवढेच पाहावे.

दूध तयार होण्याचा नियम सोपा आहे. बाळ जितके ओढते तितके ते तयार होते. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे हे पहिल्या महिन्यांत स्वाभाविक आहे. रात्रीचे पाजणे चुकवू नये, कारण दूध निर्माण करणाऱ्या संप्रेरकाचा जोर रात्री अधिक असतो. एकदा बाटली सुरू झाली की बाळ अंगावर कमी ओढते, त्यामुळे दूध कमी होते आणि दूध कमी झाले म्हणून बाटली वाढते. ‘दूध आटले’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या चक्रात सापडते.

बाळाला नीट धरणे ही यातील कळीची गोष्ट होय. बाळाचे तोंड मोठे उघडलेले असावे, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालच्या बाजूपेक्षा वरच्या बाजूस अधिक दिसावा. केवळ स्तनाग्र तोंडात धरले तर बाळाला दूध पुरेसे मिळत नाही, हवा मात्र पोटात जाते आणि आईच्या स्तनाग्रांना चिरा पडतात. पोटातील वायूच्या अनेक तक्रारी केवळ पकड सुधारल्याने कमी होतात. एका बाजूचे दूध पूर्ण पिऊ द्यावे व मगच दुसरी बाजू द्यावी. आरंभीचे दूध पातळ असते, शेवटचे स्निग्ध असते. घाईने बाजू बदलल्यास केवळ पातळ दूध पोटात जाऊन बाळाला हिरवट, फेसाळ शी होऊ शकते.

आईचे दूध म्हणजे सुमारे ८८ टक्के पाणीच असते. यास्तव विदर्भ-मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यातसुद्धा सहा महिन्यांखालील स्तनपायी बाळाला वेगळे पाणी पाजण्याची गरज नसते. उन्हाळ्यात त्याला अधिक वेळा पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे, एवढे पुरे.

दूध टाकणे आणि उलटी

पाजून झाल्यावर गुळणीभर दूध ओठांतून ओघळणे किंवा दह्यासारखे फुटलेले दूध बाहेर येणे, हे तान्ह्या बाळांत सर्रास आढळते. अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथील झडपेसारखा स्नायू या वयात सैल असतो, आहार संपूर्ण पातळ असतो आणि बाळ बहुतेक काळ आडवे असते. म्हणून जठरातील दूध सहज वर येते. दूध दह्यासारखे दिसणे हे पचन सुरू झाल्याचे लक्षण आहे. दूध नासल्याचे किंवा ‘बाधल्याचे’ नव्हे. सुमारे चार महिन्यांच्या वयात हा प्रकार सर्वाधिक असतो. बाळ बसू लागले, घट्ट आहार घेऊ लागले की तो कमी होतो आणि एक ते दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांत थांबतो. बाळ खेळकर आहे व वजन वाढते आहे, तोवर औषधाची आवश्यकता नाही.

तथापि काही साधे उपाय उपयुक्त ठरतात. प्रत्येक वेळी पाजल्यावर बाळाला खांद्यावर उभे धरावे आणि पाठीवरून हलका हात फिरवावा. ढेकर आला तर उत्तमच; दहा-पंधरा मिनिटांत आला नाही तरी काळजीचे कारण नाही. पाजल्याबरोबर पाळण्यात झोके देणे, तेल लावून चोळणे किंवा न्हाऊ घालणे टाळावे. एकदम पोटभर पाजण्यापेक्षा थोडे थोडे, पण अधिक वेळा पाजावे. बाळ दूध टाकते म्हणून त्याला पालथे झोपवू नये. झोपताना बाळ नेहमी उताणेच असावे. पालथे झोपविल्याने झोपेत अचानक मृत्यू ओढवण्याचा धोका वाढतो, असे सिद्ध झाले आहे.

गुळणी आणि उलटी यांतील फरक ओळखावा. प्रत्येक वेळी पाजल्यावर जोराने, लांब उडणारी उलटी होत असेल, विशेषतः तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाला असे होऊन वजन घटत असेल, तर जठराच्या पुढील मार्ग अरुंद झाल्याची शक्यता असते. उलटीचा रंग हिरवा असेल तर आतड्यात अडथळा असल्याची ती खूण समजावी. या दोन्ही स्थितींत बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रिया वेळेवर झाली तर अशी बालके पूर्ण बरी होतात.

संध्याकाळचे रडणे

दोन-तीन आठवड्यांचे बाळ एके दिवशी सायंकाळी रडू लागते. मुठी आवळते, पाय पोटाशी घेते, तोंड लालबुंद होते आणि काही केल्या शांत होत नाही. दुसऱ्या दिवशीही ठरल्या वेळी तोच प्रकार. घरात कोणी ‘पोटात मुरडा आला’ म्हणतात, कोणी दृष्ट काढतात. १९५४ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल यांनी या रडण्याची व्याख्या केली. दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक व तीन आठवड्यांहून अधिक काळ, एरवी धडधाकट असलेले बाळ रडत असेल, तर ते या प्रकारात मोडते, असे त्यांनी सुचविले. हे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास टोकाला पोचते आणि तीन-चार महिन्यांत थांबते. त्याचे निश्चित कारण अद्याप सापडलेले नाही. मात्र अशा बाळांची पुढील वाढ इतरांसारखीच होते, हे निर्विवाद आहे.

अशा वेळी प्रथम साधी कारणे पाहावीत. बाळाला भूक लागली आहे काय, दुपटे ओले आहे काय, उकडते किंवा गार वाटते काय, कपड्यातील दोरा बोटाला आवळला आहे काय, हे तपासावे. नंतर बाळाला छातीशी धरून फिरावे, हळू आवाजात गाणे म्हणावे, दिवा मंद करावा, गर्दी कमी करावी. काही वेळ बाळाला घरातील दुसऱ्या कोणी घ्यावे. वडिलांनी व इतर पुरुषांनी या कामात वाटा उचलणे हाही एक उपचारच आहे, कारण थकलेल्या मातेला विसावा मिळाला पाहिजे. त्रासून जाऊन बाळाला जोराने हलविणे किंवा झुलविणे अत्यंत घातक असते; त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

मातेच्या खाण्यावर या निमित्ताने जी बंधने लादली जातात, त्यांचाही विचार व्हावा. आईने डाळ, कोबी, वांगे खाल्ले म्हणून बाळाच्या पोटात वायू धरतो, ही समजूत रूढ आहे. आईच्या आतड्यातील वायू दुधात उतरत नाही. बाळंतिणीला महिनोन्महिने भात-तूप व मेतकुटावर ठेवले तर तिचेच पोषण खुंटते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाजरीची भाकरी हे आपल्याकडील पौष्टिक पदार्थ अवश्य खावेत. त्यांच्या जोडीला डाळी, पालेभाज्या, फळे, दूध, चालत असल्यास अंडी व मासे हेही हवेत. काही थोड्या बाळांना गाईच्या दुधातील प्रथिनांचे वावडे असते. शीतून रक्त जाणे, अंगावर चट्टे उठणे, वजन न वाढणे अशी लक्षणे दिसली तरच आईच्या आहारातून दूध वगळण्याचा निर्णय घ्यावा आणि तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

शी : किती वेळा आणि कशी?

पहिल्या महिन्यात स्तनपायी बाळाला प्रत्येक वेळी पाजल्यावर शी होऊ शकते. दिवसातून आठ-दहा वेळा होणारी, मोहरीच्या रंगाची, बारीक कण असलेली पातळसर शी म्हणजे जुलाब नव्हेत. जठरात दूध पडताच मोठ्या आतड्याला चालना मिळते, हे त्यामागील कारण होय. पुढे महिना-दीड महिन्यानंतर याच्या अगदी उलट चित्र दिसते. तेच बाळ चार दिवस, कधी आठ-दहा दिवसही शी करीत नाही. आईचे दूध जवळजवळ पूर्ण पचत असल्यामुळे मळ फारसा उरत नाही. बाळ नीट पिते आहे, पोट मऊ आहे आणि जेव्हा शी होते तेव्हा ती मऊच असते, तोवर याला बद्धकोष्ठ म्हणू नये. एरंडेल पाजणे, साबणाची वडी किंवा विड्याच्या पानाचा देठ गुदद्वारात सारणे या उपायांनी नाजूक भागाला इजा होते, आणि एरंडेलाने जुलाब होऊन बाळाच्या अंगातील पाणी कमी होऊ शकते.

काही बाळे शी करताना लालबुंद होऊन कुंथतात, रडतात आणि नंतर मऊ शी करतात. पोटाचे स्नायू आवळणे आणि त्याच वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल सोडणे, हा मेळ त्यांना अजून साधलेला नसतो. काही आठवड्यांत तो साधतो. खरा मलावरोध पुष्कळदा वरचे दूध सुरू केल्यावर किंवा सहा महिन्यांनंतर घट्ट आहार सुरू झाल्यावर दिसतो. तेव्हा शी खड्यासारखी कडक होते व त्यासाठी सल्ला घेणे योग्य ठरते.

गुटी, ग्राइप वॉटर आणि बाळगोळी

महाराष्ट्रातील घरांत बाळगुटीची परंपरा जुनी आहे. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, अतिविष, काकडशिंगी, जायफळ, हळकुंड, बदाम, खारीक अशी द्रव्ये सहाणेवर ठरावीक वेढे देऊन उगाळायची व आईच्या दुधात चाटवायची, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्यामागील माया कोणीही नाकारणार नाही. परंतु तान्ह्या बाळाच्या दृष्टीने तीत तीन अडचणी आहेत. वेढ्यांचे माप हातागणिक बदलते आणि जायफळ, वेखंड यांसारख्या द्रव्यांची मात्रा चुकल्यास बाळाला गुंगी येते किंवा उलट्या होतात. सहाण, काड्या, पाणी व बोट यांवरून जंतू पोटात जातात. शिवाय जुन्या काड्यांना बुरशी धरते. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही नको, हा नियम गुटीलाही लागू होतो. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध, जीवनसत्त्व ‘ड’चे थेंब व गरज पडल्यास क्षारसंजीवनी एवढेच काय ते अपवाद.

ग्राइप वॉटरची कथा बोधप्रद आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ साली ते प्रथम तयार केले. मूळ मिश्रणात बडीशेपेच्या जातीतील शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि मद्यार्क असे. बाळ शांत होई ते साखरेच्या गोडीने व मद्यार्काच्या गुंगीने, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. आज विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत मद्यार्क नसतो. तथापि पोटदुखीवर ती गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावाही नाही.

याहून विदारक इतिहास आपल्या मुंबईचाच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत राबणाऱ्या माता कामावर जाताना बाळाने झोपून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ देत. १९२२ साली गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिविषयक स्थितीची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत या प्रथेची गंभीर नोंद आहे. त्या मातांना पाळणाघर नव्हते, रजा नव्हती, दुसरा इलाज नव्हता. अफू आज गेली. परंतु बाळ झोपावे म्हणून दुकानातून सर्दीचे किंवा गुंगीचे औषध आणून पाजणे हा त्याच प्रथेचा नवा अवतार होय.

पोट फुगले म्हणून बिब्ब्याचा चटका देणे किंवा मेळघाटातील काही गावांत तापलेल्या विळ्याने पोटावर डाग देणे, ज्याला तिकडे ‘डंबा’ म्हणतात, हे प्रकार अजून पूर्णपणे थांबलेले नाहीत. भाजल्याच्या वेदनेने बाळ निपचित पडते आणि तो गुण आला असे समजले जाते. फुगलेल्या पोटामागे न्यूमोनिया, जंतुसंसर्ग किंवा आतड्याचा अडथळा असू शकतो. डागण्यात गेलेला एक दिवस त्याच्या जिवावर बेततो. डाग देणाऱ्या आजीलाही बाळ जगावे असेच वाटत असते. म्हणूनच तिला दोष देण्यापेक्षा, तिच्याच भाषेत धोका समजावून सांगणारी आशाताई अधिक परिणामकारक ठरते.

वरचे दूध आणि बाटली

गाईचे दूध हे वासराच्या गरजेनुसार बनलेले असते. त्यातील प्रथिने व क्षार अर्भकाच्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत आणि लोह अपुरे पडते. पाणी घालून ते पातळ केले तर पोषण आणखी घटते. भुकटीचे दूध महाग पडते म्हणून डबा पुरवून वापरला की तीच गत होते. बाटलीचे बूच कितीही धुतले तरी त्याच्या खाचांत दुधाचा अंश राहतो आणि जुलाबाचे जंतू तेथेच वाढतात.

जगभर या उत्पादनांच्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. आपल्या देशाने १९९२ साली यासंबंधी स्वतंत्र कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. त्यानुसार दोन वर्षांखालील बालकांसाठीचे पर्यायी दूध, बाटल्या व शिशुआहार यांची जाहिरात करणे किंवा मातांना मोफत नमुने वाटणे हा गुन्हा आहे.

आई कामावर जात असेल तर स्वच्छ हातांनी, उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात दूध काढून ठेवावे. साधारण चार तास ते बाहेर चांगले राहते, तर शीतकपाटात २४ तास टिकते. ते वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजावे. बोंडले उघडे असल्याने आतून घासता येते व उकळून निर्जंतुक करता येते. बाटलीपेक्षा ते केव्हाही बरे. ज्या आजारी किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईचे दूध मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी मातृदुग्धपेढ्या आहेत. आशियातील अशी पहिली पेढी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली सुरू झाली, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे. अन्य कारणाने वरचे दूध देणे अटळच झाले, तर कोणते, किती व कसे हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

जुलाब लागल्यास

बाळाची शी नेहमीपेक्षा एकाएकी पाण्यासारखी पातळ झाली आणि अधिक वेळा होऊ लागली, की ते जुलाब समजावेत. दात येत असल्याने जुलाब होतात हा समज चुकीचा आहे. त्या वयात बाळ हाती येईल ती वस्तू तोंडात घालते, त्यामुळे जंतू पोटात जातात. जुलाबात मृत्यू ओढवतो तो अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी साखर-मिठाचे द्रावण तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला आणि सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांखाली आणले. क्षारसंजीवनीच्या पाकिटामागे हा इतिहास आहे.

उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक लिटरचे पूर्ण पाकीट विरघळवावे आणि ते द्रावण २४ तासांच्या आत वापरावे. प्रत्येक पातळ शीनंतर ते चमच्याचमच्याने पाजावे. किती पाजावे हे वयानुसार आरोग्यसेविका सांगते. स्तनपान बंद करू नये, उलट वाढवावे. दोन महिन्यांपुढील बाळाला जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्याव्या लागतात. जुलाब थांबले तरी त्या मध्येच सोडू नयेत. दोन महिन्यांखालील बाळाला जुलाब झाल्यास घरी वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या वयात मोफत मिळणारी रोटाव्हायरसची लस चुकवू नये. तीव्र जुलाबाच्या एका प्रमुख कारणापासून तिने संरक्षण मिळते.

या खुणा दिसताच दवाखाना गाठावा

१. बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल किंवा निपचित पडले.
२. उलटीचा रंग हिरवा आहे, किंवा प्रत्येक पाजण्यानंतर जोराची उलटी होते.
३. पोट फुगून ताठ झाले. शी व वायू दोन्ही बंद आहेत.
४. शीतून रक्त पडते. किंवा बाळ थांबून थांबून कळवळून रडते, पांढरे पडते व लाल, बुळबुळीत शी करते.
५. बारा तासांत लघवी नाही, टाळू खोल गेली, तोंड कोरडे पडले.
६. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आहे, अथवा अंग गार पडले आहे.
७. श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक वेळा चालतो, छाती आत ओढली जाते.
८. दोन आठवड्यांनंतरही कावीळ आहे, किंवा शी पांढुरकी, मातकट आहे. पित्तमार्ग बंद असल्यास पहिल्या दोन महिन्यांतील शस्त्रक्रिया सर्वाधिक लाभदायक ठरते.

कमी वजनाच्या व अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत यांतील एकही खूण क्षुल्लक मानू नये. वाटेत बाळाला छातीशी घेऊन ऊब द्यावी आणि ते पीत असल्यास पाजत राहावे.

दारात आलेली मदत

घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याच्या कल्पनेचा भक्कम पुरावा गडचिरोली जिल्ह्यात मिळाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत हे काम केले व नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगापुढे मांडले. या अनुभवाच्या आधारे २०११ पासून देशभर आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी आणि घरी झाली असल्यास त्याशिवाय पहिल्या दिवशीही आशाताई घरी येते, बाळाचे वजन करते, पाजताना पाहते आणि धोक्याच्या खुणा तपासते. या भेटींत मातांनी मनातील शंका मोकळेपणाने विचाराव्यात. एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकास शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत उपचार व वाहतूक मिळते. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते.

संघटित क्षेत्रातील मातांना २०१७ साली झालेल्या सुधारणेने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा मिळाली. सहा महिन्यांचे निव्वळ स्तनपान त्यामुळे त्यांच्या आवाक्यात आले. शेतमजूर, ऊसतोड कामगार व घरकाम करणाऱ्या भगिनींना अशी रजा नाही. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे आर्थिक साहाय्य आहे. तथापि बाळाला बरोबर नेण्याची मुभा, पाजण्यासाठी थोडी सवड आणि सावलीची एखादी जागा या गोष्टी मालकाने, मुकादमाने व घरच्यांनीच द्यावयाच्या आहेत. त्यांना फारसा खर्च येत नाही.

तान्ह्या बाळाच्या पोटाला लागते ते फार थोडे. आईचे दूध, स्वच्छ हात, ढेकरापुरता खांदा आणि घरातील माणसांचा धीर, एवढ्यावर पहिले सहा महिने निभावतात. बाळाने दूध टाकले म्हणून धावपळ करू नये. उलटी हिरवी दिसली तर मात्र क्षणभरही थांबू नये. हा फरक ज्या घराने जाणला, त्या घरात बाळ सुखरूप वाढेल आणि मातेच्या मनावरील मोठे ओझे उतरेल.